मुलग्याला रुबेलाची लस कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांना लस द्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. पत्र संयत आहे, नेहमीचा आरडाओरडा त्यात नाही. लेखकाचे म्हणणे एवढेच की मूल माझे, आजारी पडले तर जागरण मी करीन, तेव्हा इतरांनी मध्ये बोलू नये. आणि ज्यांनी आपल्या मुलांना लस टोचून घेतली आहे त्यांना तर घाबरायचे कारणच नाही. वरवर पाहता बिनतोड वाटते. पण माझी सगळी नोकरी बालविभागात परिचारिका म्हणून गेली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी एक गोष्ट कबूल करते. धनुर्वातापुरते त्या वाचकांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, जखमेतून शरीरात शिरतात आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. ती लस तुम्ही घेतली नाही तर शेजाऱ्याचे काही बिघडत नाही, घेतलीत तरी त्याला काही मिळत नाही. घोटाळा होतो तो सगळ्या लसींना हाच हिशेब लावल्यामुळे.

रुबेलाचेच बघा. वरून अगदी किरकोळ आजार. दोन-तीन दिवस बारीक ताप, अंगावर फिकट पुरळ, कानामागे गाठी. कित्येकांना तो होऊन गेलेला कळतही नाही. ज्या मुलाला होतो ते चार दिवसांत खेळायला लागते. पण तेच मूल नुकतेच दिवस गेलेल्या बाईच्या मांडीवर बसले आणि तिच्या शरीरात या आजाराची प्रतिकारशक्ती नसली, तर विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचतो. पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर दहातल्या आठ-नऊ गर्भांना इजा होऊ शकते. डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनी बहिरेपण, हृदयात दोष. काहींच्या वाट्याला तिन्ही. ऑस्ट्रेलियातले नेत्रशल्यविशारद नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये हे पहिल्यांदा मांडले. जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे त्यांच्याकडे एकामागून एक येऊ लागली होती, आणि त्यांच्या आयांपैकी बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला ‘जर्मन गोवर’, म्हणजेच रुबेला, होऊन गेल्याचे विचारपूस केल्यावर समोर आले.

अशी बाळे आम्ही वेगळ्या खोलीत ठेवत असू. त्यांच्या लाळेतून, लघवीतून विषाणू कित्येक महिने, कधी वर्षभरही बाहेर पडत राहतो. म्हणून ड्यूटी लावताना इन्चार्ज सिस्टर आधी विचारायच्या, कुणाला दिवस गेलेत का? बाळाच्या डोळ्यांवर टॉर्च धरला की काळ्या बाहुलीच्या जागी दुधी ठिपका दिसायचा. शेजारी वाटी-चमचा वाजवला तरी बाळ दचकत नसे. आई म्हणायची, मला तर नऊ महिन्यांत साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती हो. तिला काही आठवत नव्हते, कारण आठवण्यासारखे काही घडलेच नव्हते.

गरोदर बाईला ही लस देता येत नाही, कारण ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. म्हणजे त्या महिन्यांत तिच्या हातात काहीच उरत नाही. तिचे बाळ सुखरूप राहणार की नाही, हे आजूबाजूच्या मुलांनी लस घेतली आहे का यावर ठरते. लसीकरणाच्या दिवशी आया हमखास विचारायच्या, “सिस्टर, मुलीचं समजलं, पण मुलाला कशाला रुबेला? त्याला काय बाळंतपण आहे?” प्रश्न चोख आहे, आणि उत्तर असे की ती सुई मुख्यतः त्याच्यासाठी नसतेच.

जपानमध्येही एके काळी असाच विचार झाला होता. १९७७ पासून तिथे माध्यमिक शाळेतल्या मुलींनाच रुबेलाची लस दिली जाई, मुलगे वगळले होते. गर्भारपण मुलींना, मग लसही मुलींना. तर्क सरळ होता. हे मुलगे पुढे मोठे झाले, नोकऱ्यांना लागले, त्यांची लग्ने झाली. २०१२-१३ मध्ये साथ आली तेव्हा १६ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत बहुसंख्य विशी ते चाळिशीतले पुरुष होते. ते बरे होऊन कामावर गेले. पण त्या साथीत ४५ बाळे जन्मजात रुबेलाच्या खुणा घेऊन जन्मली. अखेर २०१९ मध्ये सरकारने त्या वगळलेल्या पिढीतल्या, आता चाळिशी-पन्नाशीत पोचलेल्या पुरुषांना तपासणी आणि लस मोफत द्यायला सुरुवात केली.

ग्रीसची गोष्ट तर याहून विचित्र आहे. तिथे लस १९७५ च्या सुमारास आली, पण पुढची पंधरा वर्षे निम्म्या मुलांपर्यंतही ती पोचली नाही. आता कुणालाही वाटेल, निम्म्यांनी घेतली तर फायदाही निम्मा व्हायला हवा. झाले उलटे. विषाणूचा फिरण्याचा वेग मंदावला, पण फिरणे थांबले नाही. पूर्वी मुलींना लहानपणीच रुबेला होऊन जायचा आणि त्या जन्मभरासाठी सुरक्षित व्हायच्या. आता कित्येक जणी ना लस घेतलेल्या, ना आजार झालेल्या, अशाच वयात आल्या. १९९३ च्या साथीने त्यांना नेमके गरोदरपणात गाठले आणि जन्मजात रुबेलाची बाळे पूर्वीपेक्षा वाढली. ‘माझे एक मूल राहिले तर काय फरक पडतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर डोळ्यांखालून घालावे.

आता ‘लस घेतलेल्यांनी कशाला घाबरायचे’ याबद्दल. इथे गोवराचे उदाहरण घेते, कारण इतका झपाट्याने पसरणारा आजार माझ्या पाहण्यात दुसरा नाही. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना लागण देत असते. त्या वेळी कुणाला संशयही येत नाही. ताप, नाक गळते, डोळे लाल आणि पाणावलेले, कोरडा खोकला. गालाच्या आतल्या बाजूला दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, पण तोंड उघडून बघतो कोण? आई त्याला घेऊन दवाखान्यात येते, बाहेरच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसते. मूल औषध घेऊन घरी गेल्यावरही त्या बंद खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत तग धरून राहतो. त्यानंतर त्याच बाकावर जी बसते तिच्या कडेवर सहा महिन्यांचे बाळ असते. कुठल्या देशात गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात, कुठे वर्षाचे झाल्यावर. सहा महिन्यांच्या बाळाला ती सहसा मिळालेली नसते. त्याच्या आईने काहीही नाकारलेले नाही. तिचा नंबर यायचा आहे, एवढेच.

किंवा रक्ताच्या कर्करोगावर उपचार चाललेले मूल असते. त्याच्या सगळ्या लसी वेळच्या वेळी झालेल्या असतात, पण औषधांनी प्रतिकारशक्तीच खाली आणलेली असते आणि उपचार चालू असेपर्यंत जिवंत विषाणूची लस पुन्हा देता येत नाही. अशा मुलाला गोवर झाला तर पुरळही नीट उठत नाही आणि न्यूमोनिया थेट जिवावर बेततो. शिवाय दोन डोस घेतलेल्या शंभरातल्या साधारण तिघांना लस पुरेशी लागू होत नाही. ते तिघे कोण, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेले नसते.

तान्हेपणी गोवर झालेल्या काही थोड्या मुलांच्या बाबतीत विषाणू मेंदूत दबा धरून राहतो आणि पाच-दहा वर्षांनी डोके वर काढतो. चांगले शिकणारे मूल विसरायला लागते, त्याचे अक्षर बिघडते, अंगाला झटके येतात. त्यावर खात्रीचा इलाज नाही. हे दुर्मिळ आहे, पण ज्या आईबापांनी ते पाहिले त्यांना दुर्मिळ या शब्दाचा काही उपयोग नसतो.

अशा तान्ह्या, आजारी किंवा लस लागू न झालेल्या मुलांचे रक्षण आजूबाजूचेच करू शकतात. त्यासाठी किती जण लागतात याचा हिशेब सोपा आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. १५ धरू. साखळी वाढू नये असे वाटत असेल तर त्या १५ पैकी १४ जण आधीच सुरक्षित हवेत, म्हणजे ९३ टक्के. म्हणून आरोग्य विभाग ९५ टक्क्यांचा हट्ट धरतात. तो कुणा बाबूने टेबलावर बसून ठरवलेला आकडा नाही. बरे, सरासरी ९५ असून भागत नाही. धरणाची भिंत सरासरीने भक्कम आहे म्हणून एखाद्या जागची भेग पाणी अडवत नाही. एकसारख्या मतांची माणसे एकमेकांच्या ओळखीने एकाच शाळेत मुले घालतात, एकाच गटात वावरतात, आणि तिथले प्रमाण ७०-७५ वर आलेले असते. साथ येते ती तिथूनच.

पालकांना भीती वाटते हे मी समजू शकते. लसीनंतर ताप येतो, सुईची जागा सुजते, क्वचित तापात झटका येतो, आणि अगदी विरळा तीव्र ॲलर्जीही होते. म्हणून तर टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. ऑटिझमचा मुद्दा त्या पत्रात नाही, पण उद्या कुणी काढील म्हणून सांगते: गोवर-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध असल्याचे सुचवणारा १९९८ चा तो मूळ निबंध फक्त १२ मुलांवरचा होता आणि २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. भीती कुठवर जाते ते सामोआ या बेटावरच्या देशात दिसले. गोवराच्या लसीची पावडर एका कुपीत आणि ती विरघळवायचे पाणी दुसऱ्या कुपीत असते. दोन्हींची लेबले वाचल्याशिवाय सिरिंज भरायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. २०१८ मध्ये तिथे पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि दोन तान्ही बाळे दगावली. दोष लसीचा नव्हता, दोन परिचारिकांचा होता, आणि त्यांना तुरुंगवास झाला. माझ्या पेशातल्या कुणाकडून असे घडावे याची आजही लाज वाटते. पण लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण काही महिने बंद राहिले, आणि लहान मुलांतले प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरले. पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली. जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांच्या आतले.

मुलाची लस राहून गेलेले सगळेच आईबाप हट्टी असतात असे मात्र नाही. माझ्या अनुभवात नकार देणारे थोडे, तारीख चुकलेलेच जास्त. मजुरी बुडते म्हणून राहिलेले, घर बदलले म्हणून राहिलेले, आणि मुलाला सर्दी आहे, पुढच्या वेळी या असे सांगून आमच्यापैकीच कुणी तरी परत धाडलेले. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलायची गरज नसते. उशीर झाला म्हणून सगळे डोस पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत, राहिले तिथून पुढे सुरू करता येतात. कार्ड हरवले असले तरी लस मिळते. कार्ड नाही म्हणून कुणी परत पाठवले, तर वरिष्ठांना भेटा, पण लस घेतल्याशिवाय हलू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका