फेर्नांदा मोंतेनेग्रो: रंगभूमीचा उल्लेख हवा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला ब्राझीलच्या चित्रपटांवरचा लेख मनापासून आवडला. एक सल मात्र राहिली. फेर्नांदा मोंतेनेग्रो यांच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आलं: 'सेंट्रल स्टेशन' चित्रपटाची नायिका आणि अभिनेत्री फेर्नांदा तोरेस यांची आई. दोन्ही खरं आहे. पण 1998 मध्ये तो चित्रपट आला तेव्हा बाईंनी नाटकात आणि टीव्हीवर जवळपास पन्नास वर्षं काढली होती.

1929 साली रिओत जन्मलेल्या आर्लेतनं फेर्नांदा मोंतेनेग्रो हे नाव स्वतः घेतलं. आधी रेडिओ, 1950 मध्ये रंगमंच आणि लगेच 1951 मध्ये रिओची टीव्ही तुपी ही वाहिनी. तिथे अख्खी नाटकं थेट प्रक्षेपित होत. रेकॉर्डिंग नाही, रीटेक नाही. शब्द अडला तर चालू प्रयोगात सावरून घ्यायचं. त्या काळातलं त्यांचं काम आज आपल्याला बघायला मिळत नाही, याची फार हळहळ वाटते.

1959 मध्ये पती फेर्नांदो तोरेस, सेर्जिओ ब्रितो, इतालो रोस्सी आणि दिग्दर्शक जानी रात्तो यांच्यासोबत त्यांनी 'तेआत्रो दोस सेते' ही संस्था उभी केली. पहिलं नाटक आर्तुर अझेवेदो यांचं 'ओ मांबेंबी'. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या नाटक मंडळीची ती गोष्ट. ज्यांच्या घरात जुन्या संगीत नाटक मंडळ्यांच्या आठवणी सांगितल्या गेल्या, त्यांना ती परकी वाटणार नाही. दोनच वर्षांनी नेल्सन रॉड्रिग्स यांनी याच मंडळीसाठी 'ओ बेजू नो आस्फाल्तो' लिहिलं. आपल्याकडे बघून नाटककार नाटक लिहितो, याहून मोठा मान नटाला कोणता?

मालिका करण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही, हे मला विशेष वाटतं. 1983 च्या 'गेर्रा दोस सेक्सोस' मध्ये त्या आणि पाउलो आउत्रान, दोघंही रंगभूमीचे दिग्गज, न्याहारीच्या टेबलावर एकमेकांवर खाणं फेकतात. ब्राझीलमध्ये त्या प्रसंगाची आठवण अजून काढली जाते. पुढे 1985 मध्ये राष्ट्राध्यक्ष सार्नी यांनी संस्कृती मंत्रिपद देऊ केलं. बाईंनी ते नाकारलं आणि नाटकातच राहिल्या.

'सेंट्रल स्टेशन'मधली त्यांची दोरा रिओच्या रेल्वे स्थानकात निरक्षरांची पत्रं लिहून देते. चित्रीकरणाच्या वेळी खरोखरचे प्रवासी टेबलासमोर बसून आपली पत्रं सांगू लागले होते. बर्लिन चित्रपट महोत्सवाचा अभिनयाचा पुरस्कार आणि 1999 चं ऑस्कर नामांकन त्यानंतर आलं. 2024 मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी साओ पाउलोच्या उद्यानात हजारो लोकांसमोर फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारच्या लेखनाचं वाचन केलं. आपल्या लेखात याचाही उल्लेख असायला हवा होता.

'आय ॲम स्टिल हिअर' या चित्रपटाच्या शेवटी त्या थोडा वेळच दिसतात. त्यांनी साकारलेली, आठवण गेलेली म्हातारी युनीस टीव्हीवर नवऱ्याचा फोटो बघते. तोंडून शब्द नाही, फक्त डोळ्यांत काहीतरी हलतं. आपल्या वाचकांनी तो प्रसंग जरूर पाहावा आणि आपण त्यांच्या नाटकांवर एक स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा