लिव्हर रायफलीची अचूकता आणि हाताने भरलेले काडतूस

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील हरणांच्या शिकारीवर आलेला लेख मी येथे पेनसिल्व्हेनियात वाचला. लेखातील बराचसा भाग मला पटला. मात्र लिव्हर-ॲक्शन रायफल (चापाजवळचा दांडा खाली-वर करून पुढचे काडतूस चढवायची) ही चित्रपटांतल्या गुराख्यांची, नेम न लागणारी जुनी वस्तू आहे, आणि घरी रिकामी काडतुसे पुन्हा भरणारे लोक गोळीचा जोर वाढावा म्हणून बंदुकीची दारू जास्तीची भरतात, ही त्यातील दोन विधाने वस्तुस्थितीला धरून नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर महाराष्ट्रात हौसेच्या शिकारीला जागा उरलेली नाही, आणि ते योग्यच आहे. पण इकडे ज्या राज्यांत शिकार कायदेशीर आहे आणि तिचे नियम काटेकोर आहेत, तिथेही आज अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी कोणी या छंदाकडे वळले, तर अशी विधाने वाचून त्याने चुकीच्या वाटेला लागू नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या रायफलीमुळे हा प्रकार घरोघरी पोहोचला, ती विंचेस्टर कंपनीची १८९४ची रायफल जॉन ब्राउनिंग यांनी रचली. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बिनधुराच्या दारूचे थर्टी-थर्टी हे काडतूस आले. २००६पर्यंत या एका नमुन्याच्या ७० लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. पेनसिल्व्हेनियात हरणासारख्या मोठ्या प्राण्याच्या शिकारीला आपोआप पुढचे काडतूस चढवणारी रायफल चालत नाही. प्रत्येक बारानंतर ते शिकाऱ्याने स्वतःच्या हाताने चढवावे लागते. त्यातच इथल्या दाट झाडीत बहुतेक नेम शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत धरावे लागतात. खांद्याला पटकन लागणारी, हलकी आणि आखूड लिव्हर रायफल अशा जंगलात आजही टिकून आहे, याचे कारण केवळ आठवणींची ओढ हे नाही.

आता अचूकतेविषयी. चांगली बोल्ट-ॲक्शन रायफल (खटका हाताने मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची) टेबलावर टेकवून झाडली, तर शंभर यार्डांवर तिच्या गोळ्या साधारण एका इंचाच्या वर्तुळात पडतात, तर चांगल्या स्थितीतील लिव्हर रायफलीच्या गोळ्या दोन ते तीन इंचांच्या वर्तुळात पडतात. कागदावर हा फरक मोठा दिसतो. परंतु पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या हृदयाचा आणि फुप्फुसांचा भाग सुमारे आठ इंच व्यासाचा असतो, आणि तीन इंचांचे वर्तुळ याचा अर्थ गोळी मध्यापासून जेमतेम दीड इंच ढळते एवढाच होतो. त्या अंतरावर उणीव रायफलीत नसून उभ्याने, थंडीत आखडलेल्या हातांनी नेम धरणाऱ्या माणसात असते. २०० यार्डांवर मात्र हेच वर्तुळ सहा इंचांचे होते आणि त्यात माणसाच्या हाताची थरथरही मिळते. तेव्हा तिथे चाप न ओढणे हेच शिकाऱ्याचे कर्तव्य आहे असे मी मानतो.

या रायफलीचा नेम विखुरण्याची कारणे तिच्या बांधणीत आहेत. नळीखाली काडतुसांची नळकांडी असते, ती कड्यांनी नळीला बांधलेली असते आणि पुढचा लाकडी हात, म्हणजे रायफल पुढून धरायचे लाकूड, दोहोंना चिकटून बसतो. लागोपाठ बार काढले की नळी तापून लांबते, पण तिला सुटे लांबता येत नाही. मग तिसरी-चौथी गोळी भलतीकडे सरकू लागते. शिकारीत महत्त्व असते ते थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीला. म्हणून पाच बार भराभर काढून कागदावरचे भोकांचे वर्तुळ मोजण्याची पद्धत या रायफलीला अन्यायकारक आहे, आणि तीन भोके योगायोगाने जवळ पडली म्हणून समाधान मानणे तर त्याहून घातक आहे. मला योग्य वाटते ती रीत अशी, की एकच कागद जपून ठेवावा, निरनिराळ्या सकाळी थंड नळीतून त्यावर एकेक-दोन-दोन गोळ्या झाडाव्यात आणि पुरेशी भोके जमल्यावरच मत बनवावे. रायफल टेकवताना नळी कधीही आधारावर ठेवू नये. लाकडी हाताचा मागचा भाग, जिथे तो यंत्रणेला मिळतो, तो वाळूच्या पिशवीवर ठेवावा.

त्यानंतर प्रश्न येतो नेम धरण्याच्या साधनाचा. कारखान्यातून येणारी मागची खाच आणि पुढची माशी यांच्यामागे सावजाचा बराच भाग झाकला जातो. त्याऐवजी यंत्रणेवर मागे बसवलेले छिद्राचे साधन लावले तर खाच, माशी आणि सावज या तिघांवर एकदम नजर धरण्याची कसरत संपते. जुन्या विंचेस्टरमधून रिकामे काडतूस वरच्या दिशेने फेकले जात असल्यामुळे तिच्यावर मधोमध दुर्बीण बसवणे अवघड होते आणि कंपनीने ती रचना १९८०च्या दशकात बदलली. १९४८पासून मिळणाऱ्या मार्लिन कंपनीच्या ३३६ या लिव्हर रायफलीमध्ये ते बाजूने बाहेर पडते, त्यामुळे ती अडचण मुळातच आली नाही. माझे ठाम मत आहे की नेमाचे साधन, चापाचा जडपणा आणि कड्यांचा ताण या तीन गोष्टी मार्गी लावल्याशिवाय कोणी दारूच्या तराजूला हात लावू नये.

हाताने काडतूस भरण्याचा खरा हेतू पुरवणीतील लेखाच्या नेमका उलट आहे. थर्टी-थर्टी काडतुसासाठी ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ४२,००० पौंड आहे, तर बोल्ट रायफलीत चालणाऱ्या थ्री-ओ-एट काडतुसाची ६२,००० पौंड. हा फरक मनमानी नाही. विंचेस्टर आणि मार्लिन या दोन्हींत काडतूस मागून दाबून धरणाऱ्या बोल्टला अडसर मिळतो तो मागच्या बाजूला, त्यामुळे बार होताना यंत्रणा किंचित ताणली जाते आणि केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, तिच्या तळाच्या जरा वर लांबत जाते. पुन्हा पुन्हा भरलेल्या केसमध्ये तिथे आतून बारीक खाच पडते आणि अखेरीस तळ तुटून वेगळा होऊ शकतो. टोक वाकवलेली तार आत फिरवून ती खाच चाचपणे हे काडतूस भरणाऱ्याचे नेहमीचे काम आहे. जास्तीची दारू भरणे म्हणजे हे झिजणे वाढवणे आणि शिवाय शिकाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धोका ओढवून घेणे. गोळ्या सर्वांत जवळ पडतात त्या बऱ्याचदा दारूच्या कमाल मापाच्या खालीच.

मग श्रम कशासाठी घ्यायचे? नळकांडीत काडतुसे एकामागे एक आडवी झोपलेली असतात आणि प्रत्येकाचे टोक पुढच्याच्या प्राइमरवर (दारू पेटवणाऱ्या तळाच्या टिकलीवर) टेकते. म्हणून टोकदार कडक गोळी तिथे निषिद्ध आहे आणि चपट्या नाकाची गोळीच वापरावी लागते. या शतकाच्या पहिल्या दशकात हॉर्नाडी कंपनीने मऊ, लवचिक टोकाची गोळी आणून ही अडचण काही प्रमाणात दूर केली. दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगचा दाब आणि बाराचा धक्का यांनी गोळी केसमध्ये मागे सरकू नये म्हणून केसचे तोंड गोळीवरच्या खाचेत घट्ट आवळावे लागते. केसची लांबी कमी-जास्त असेल तर एक तोंड जास्त आवळले जाते, दुसरे सैल राहते आणि तिसऱ्याचा खांदाच (तोंडाखालचा निमुळता भाग) चेपून ते काडतूस रायफलीत शिरत नाही. प्रत्येक केस एकाच लांबीला कापणे हे कंटाळवाणे काम या रायफलीच्या नेमाला सर्वाधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. लिव्हरला बोल्टसारखी रेटून बसवण्याची ताकद नसल्याने केस साच्यात दाबून पूर्ण लांबीत मूळ मापावर आणावी लागते, पण तिचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला तर वर सांगितलेले ताणणे आणखी लवकर सुरू होते. ही तारेवरची कसरत साच्याच्या अगदी बारीक फेऱ्यांनी साधते.

दारूच्या कणाकणावर रात्री जागवणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. सेकंदाला २,२०० फूट वेगाच्या गोळीत ५० फुटांचा फरक पडला, तर शंभर यार्डांवर ती पाव इंचापेक्षाही कमी वर-खाली होते. २०० यार्डांवर तोच फरक सुमारे एक इंच होतो. तराजू अचूक हवाच, परंतु त्याचे पहिले कारण सुरक्षितता हे आहे.

तांब्याच्या गोळ्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. शिसाचे बारीक तुकडे मांसात आणि जंगलात टाकलेल्या आतड्यांत राहतात व ते खाऊन कॉन्डोरसारखी गिधाडे विषबाधेने मरतात. म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून बंदुकीच्या सर्व शिकारीत शिसाच्या गोळ्यांना बंदी केली आहे. तांबे शिसाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लिव्हर रायफलीत काडतुसाची एकूण लांबी बांधलेली असल्याने ती केसमध्ये खोल जाऊन दारूची जागा खाते. शिसाच्या गोळीचे माप तांब्याला लावणे धोकादायक आहे. जी गोळी वापरायची, तिच्याच पुस्तिकेतले दारूचे माप घ्यावे आणि सुरुवात तिथल्या सर्वांत कमी आकड्यापासून करावी.

लेखकाने जखमी प्राण्याविषयी जी कळकळ व्यक्त केली आहे, ती मलाही तितकीच आहे. पोटात गोळी लागलेले हरीण तासन् तास चालत राहते आणि अनेकदा सापडतही नाही. ते टाळणे हाच या साऱ्या मोजमापाचा हेतू आहे. आपण या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा रायफलीच्या अचूकतेचा आकडा देताना अंतर किती होते, गोळ्या किती झाडल्या आणि नळी थंड होती की तापलेली, या तीन बाबी सोबत द्याव्यात, आणि जास्तीच्या दारूविषयीच्या विधानाची दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक मराठी वाचक
पेनसिल्व्हेनिया, अमेरिका