गंजावरच रंग मारू नका

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत विद्यार्थ्यांच्या पानावर ‘गंजणे म्हणजे लोखंडाचे ऑक्सिडीकरण’ असा छोटा मजकूर होता. दहावीतल्या माझ्या नातीने तो वाचून विचारले, "आजोबा, ऑक्सिडीकरण आणि क्षपण नेहमी जोडीने होतात म्हणे. मग गंजात क्षपण कुठं असतं?" मजकुरात याचे उत्तर नव्हते. मी काही रसायनशास्त्र शिकलेला नाही. गोव्यातल्या मांडवी नदीकाठच्या एका वर्कशॉपात ३१ वर्षे बार्जेस (माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटी) दुरुस्त केल्या, शेवटी फोरमन होतो. हातोडा चालवताना जे कळले ते लिहितो.

रंगाला फोड आला की आत खारे पाणी शिरते. फोडाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथले लोखंड इलेक्ट्रॉन सोडते आणि झिजते. हे ऑक्सिडीकरण. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच फोडाच्या कडेला जातात, आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तिथे ते घेतो. हेच क्षपण. (शब्द मोठा फसवा. वाटते काहीतरी क्षय पावतेय, पण ज्याचे क्षपण होते त्याच्या पदरात इलेक्ट्रॉन पडतात!) म्हणून तांबूस डाग दिसतो एकीकडे आणि खड्डा खोल होतो भलतीकडेच. मीठ असले की हा व्यवहार आणखी भरभर चालतो. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या कितीतरी पत्र्यांतून माझा चिपिंगचा (गंज ठोकून काढायचा) हातोडा आरपार गेला आहे.

बार्जच्या तळाला आम्ही जस्ताचे ठोकळे लावायचो. जस्त लोखंडापेक्षा लवकर इलेक्ट्रॉन सोडते, त्यामुळे ते झिजते आणि पत्रा वाचतो. एकदा एका नव्या पोराने हौसेने त्या ठोकळ्यांवरही रंग फासला. मी त्याला यथेच्छ शिव्या दिल्या आणि रंग खरवडून काढायला लावला, कारण जस्ताला पाणीच लागले नाही तर ते पत्र्याला वाचवणार कसे?

आणि या बार्जेस वाहत काय होत्या? खनिज, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच. ते जपानला जायचे, तिथल्या भट्टीत कोक (भाजलेला दगडी कोळसा) त्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा, पोलाद व्हायचे. त्याच धातूचा पत्रा मांडवीत उतरला की नदी त्याचा पुन्हा ऑक्साइड करायला लागते. माझा पगार या फेऱ्यावरच चालला.

आता मुद्द्याचे. आमच्या गावच्या फेरी धक्क्याचा लोखंडी कठडा दर वर्षी पावसाळा संपला की रंगवतात. जुना गंज न काढता, मीठ न धुता, वरून चकचकीत निळा. मार्चपर्यंत फोड येतात. वर सांगितले ते सगळे त्या निळ्या रंगाखाली निवांत चालू असते. गेल्या महिन्यात कठड्याच्या खांबाला बुडाशी बोट लावले तर पापुद्रा हातात आला. शाळेची मुले सकाळी त्याच कठड्याला टेकून फेरीची वाट बघतात. कोणी म्हणेल, एका कठड्याचे एवढे काय? ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तो आतल्या पोलादी तारा गंजल्यामुळे. बाहेरून काँक्रीट उभेच दिसत होते.

संबंधित खात्याकडे मागणे मोठे नाही. आधी प्रत्येक खांब हातोड्याने ठोकून बघा. बद्द आवाज येईल तो बदला. उरलेले चकाकी येईपर्यंत घासा, गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, आणि त्याच दिवशी जस्ताचा प्रायमर लावा. दुसऱ्या दिवसावर ठेवलात तर आमच्या हवेत सकाळी पुन्हा तांबूस झाक आलेली असते.

रंगाचे डबे परवाच धक्क्यावरच्या शेडमध्ये येऊन पडले आहेत, म्हणून हे पत्र घाईने पाठवत आहे.

आपला,
एक निवृत्त फोरमन