वर्गाचीही आगोट करायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे महिन्यांत कोकणात घरोघरी आगोटीची लगबग असते. लाकूडफाटा, सुकी मासळी, पापड, सारं पावसाआधी कोरडं करून ठेवलं जातं. पहिली-दुसरीच्या वर्गाची आगोट मात्र राहून जाते. तक्ते, अक्षरकार्डं, तोरणं 15 जूनच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने होतात. तोवर हवा दमट झालेली असते, डिंक आणि रंग आतून ओलेच राहतात. मग गणपतीच्या सुट्टीपर्यंत अर्धी सजावट भिंतीवरून उतरते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या भागात हे काम वैशाखाच्या उन्हातच उरकलं पाहिजे.

दुसरा शत्रू खारेपणा. वाळू आणि शिंपले फुकट मिळतात, पण त्यातलं मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं. रंगाचे पापुद्रे सुटतात, वाळूची अक्षरं झडतात. मोजणीसाठी जेवणातल्या तिसऱ्या (शिंपल्यांतली मासळी) यांचे शिंपले घ्यावेत. 15 मिनिटं उकळून बिजागरीजवळचा चिवट भाग जुन्या ब्रशने खरवडून काढावा. तो राहिला तर वास येतो, मुंग्या लागतात. नंतर दोन दिवस गोड्या पाण्यात ठेवून पाणी रोज दोनदा बदलावं आणि तीन दिवस कडक ऊन द्यावं. कडा फुटलेले शिंपले टाकूनच द्यावेत. वाळूही गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, वाळवून, चहाच्या गाळणीने गाळावी. अक्षरकार्डाला पोफळीची (सुपारीच्या झाडाची) गळलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, पुठ्ठ्यापेक्षा टिकते: रात्रभर भिजवून, दोन दिवस पाट्याखाली दाबून, वाळल्यावर 10 सेंमीचे चौकोन कापावेत. फेविकॉलने अक्षर काढून लगेच वाळू पेरावी, 24 तास हात लावू नये. बोट जिथून फिरवायला सुरुवात करायची तिथे हिरवा ठिपका द्यावा. तो नसेल तर मूल ‘क’ कुठूनही गिरवतं आणि तेच वळण हातात बसतं.

गणितासाठी माडाच्या हिरांना, म्हणजे झावळीच्या पात्यांमधल्या काड्यांना, तोड नाही. एका मोठ्या झावळीतून 20 मुलांच्या वर्गाला पुरतील इतके निघतात. प्रत्येकी 15 सेंमीचे तुकडे, टोकं पॉलिशपेपरने बोथट केलेली; चौघांच्या गटाला 100, म्हणजे पाच गटांना 500. दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधू नयेत, खाऱ्या हवेत ते चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्धा सेंमी रुंद चकत्या कापल्या की वर्षभर निभतं. विकतच्या प्लास्टिकच्या दशक-दांड्यापेक्षा (दहा एककांच्या अखंड दांड्यापेक्षा) हा गठ्ठा सरस, कारण तो सुटतो. 42 मधून 17 काढताना मुलापुढे चार गठ्ठे आणि दोन सुटे असतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते स्वतः एका गठ्ठ्याची चकती ओढून काढतं आणि बारा सुटे हातात येतात. ‘दशक सोडवला’ हे शब्द तेव्हा त्याच्या बोटांना कळतात. दांडा मोडत नाही, तो फक्त बदलून घ्यावा लागतो, आणि पहिल्यांदा शिकणारं मूल नेमकं तिथेच अडतं.

चुन्याच्या भिंतीला टेप लावू नये, चुना टेपसकट निघतो. जांभ्याच्या भिंतीत ओल झिरपते, तिला टेकलेला कागद मागून काळा पडतो. मुलाच्या नजरेच्या उंचीला, साधारण साडेतीन फुटांवर, भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे नायलॉनची दोरी ताणून चिमट्यांनी तक्ते लावावेत. मागून वारा खेळला की बुरशी धरत नाही. लॅमिनेशन कागदाच्या कडेला घासून कापलं की तिथूनच पाणी शिरतं. चारी बाजूंनी 5 मिमी प्लास्टिक सोडावं, भोकही कागदाला न पाडता प्लास्टिकला पाडावं. स्टेपलच्या पिना महिन्याभरात गंजतात आणि टाचण्या खाली पडतात. मुलं वर्गात अनवाणी बसतात, त्यामुळे त्या टाळून दोऱ्याने शिवलेलं बरं.

क्रेपच्या तोरणाचा रंग ओघळून गणवेशावर उतरतो. थर्माकोलच्या सजावटीला तर राज्यात 2018 पासून बंदी आहे. शिंप्याकडच्या चिंध्यांच्या पताका कराव्यात, प्रत्येकीवर एक अक्षर. सगळ्या भिंती मात्र भरू नयेत. एक मोकळी राहू द्यावी, मुलांच्या कामासाठी.

दोन गोष्टींना कळकळीने मनाई करावीशी वाटते. लालचुटूक गुंजा मण्यांसाठी मोहात पाडतात, पण त्या जहरी आहेत. न भाजलेल्या काजूबियांच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. त्यांच्याऐवजी चिंचोके वापरावेत, कीड लागू नये म्हणून किंचित भाजून.

शाळा व्यवस्थापन समित्यांनी साहित्याचा विषय जूनच्या नव्हे, मार्चच्या सभेत घ्यावा आणि पालकांना झावळी, विऱ्या, शिंपले तेव्हाच सांगून ठेवावेत. वाळलेलं साहित्य उन्हातून उचलून गरम गरम डब्यात भरू नये. आत पाणी सुटतं. संध्याकाळी सावलीत पूर्ण निवलं की मगच झाकण लावावं.

— एक प्राथमिक शिक्षिका, गुहागर तालुका