परिवहन मंत्र्यांना खुले पत्र : दुकानाच्या आवारातही माणसे चालतात

माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार. मी एसटीचा निवृत्त चालक आहे. नोकरीतली ३१ वर्षे आंबा घाट, कुंभार्ली घाट आणि मुंबई-गोवा महामार्ग यांवर गाडी चालवण्यात गेली. पत्र लिहिण्याची मला सवय नाही. पण गेल्या रविवारी शिमग्याच्या सामानासाठी तालुक्याच्या गावातील एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये गेलो आणि तिथे जे पाहिले, त्यानंतर गप्प बसवेना. वाहनतळात चालणाऱ्यांसाठी पांढरा पट्टा आखून, त्याला लोखंडी खांबांचा आडोसा करून देऊ, असे दुकानाच्या व्यवस्थापकांनी मला सहा महिन्यांपूर्वी ज्या जागी उभे करून सांगितले होते, नेमक्या त्याच जागेवर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बादल्यांच्या सवलतीच्या विक्रीचा मांडव पडला आहे. माणसांना चालायला होती तेवढीही जागा आता उरलेली नाही.

सहा महिन्यांपूर्वी त्याच आवारात माझी पत्नी गाडीखाली येता येता वाचली. वाचली म्हणजे जीव वाचला, एवढेच. गणपतीला चार दिवस होते, मुंबईचे चाकरमानी गावात उतरले होते आणि पाऊस सारखा चालू होता. रवा, गूळ, तूप आणि माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला सुतळी एवढे सामान घेऊन आम्ही बाहेर आलो. आमची रिक्षा आवाराच्या दुसऱ्या टोकाला उभी होती आणि तिथवर जायला उभ्या गाड्यांच्या मागून जाण्याशिवाय दुसरी वाट नव्हती. उतारावरच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर शेवाळ धरले होते. ही एका हाताने ट्रॉली ढकलत आणि दुसऱ्या हातात छत्री धरून चालली होती, मी दोन पावले मागे होतो. एक उंच पांढरी गाडी एका झटक्यात मागे आली. आधी ट्रॉलीला धक्का बसला, ट्रॉली हिच्या पोटात बसली आणि ही उताराकडे उजव्या अंगावर पडली. मी गाडीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या तेव्हा ती थांबली. मागचे चाक आणि हिचा पाय यांत वीतभर अंतर होते. ते अंतर मला अजून झोपेत दिसते.

गाडीतला मुलगा पंचविशीचा असेल. खाली उतरून तो म्हणाला, ‘काकी मध्येच आल्या, मला कॅमेऱ्यात दिसल्याच नाहीत.’ मी मागे जाऊन कॅमेरा पाहिला, तर काचेवर पावसाचा टपोरा थेंब बसला होता. त्यातून माणूस काय, भिंतही दिसली नसती. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक मोटारीला मागे घेताना सूचना देणारे यंत्र सक्तीचे आहे, त्यामुळे तेही गाडीत होते आणि वाजत होते. पण अशा दाटीच्या जागेत ते चहूबाजूंच्या गाड्यांमुळे सतत वाजते आणि चालवणाऱ्याच्या कानाला त्याची सवय होऊन जाते. मी ज्या पद्धतीत वाढलो तिथे गाडी मागे घ्यायची तर कंडक्टरने खाली उतरायचे, मागच्या कोपऱ्यावर चालकाला आरशात दिसेल असे उभे राहायचे, शिट्टी वाजवायची आणि पत्र्यावर हात मारून सांगायचे : येऊ द्या, येऊ द्या, बस. शिट्टी थांबली की पाय ब्रेकवर. स्थानकात गाडी फलाटाला तोंड करून लागते, म्हणजे प्रत्येक फेरीला ती मागेच घ्यावी लागते, तेही गर्दीत. असे असूनही मास्तर, म्हणजे कंडक्टर, खाली उतरल्याशिवाय मी ३१ वर्षांत एकदाही गाडी मागे घेतली नाही.

तो मुलगा आपला फोन नंबर देऊन निघून गेला आणि तो नंबर लागला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवले होते. हिला दवाखान्यात नेले ते आमच्याच रिक्षावाल्याने. खुब्याचे हाड मोडले होते आणि मनगटही गेले होते. शस्त्रक्रियेसाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला न्यावे लागले. ज्या घाटाची वळणे मला डोळे मिटून सांगता येतात, त्या घाटात त्या रात्री प्रत्येक खड्ड्याला ती कण्हत होती आणि मी मागच्या सीटवर तिचा पाय धरून बसलो होतो. घरात गणपती आले, पण मोदक झाले नाहीत. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आरतीला ती उभी नव्हती. आज ती वॉकर धरून ओसरीपर्यंत येते. पायऱ्या उतरून विहिरीपर्यंत जाणे तिला यापुढे जमणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. खर्च किती आला ते लिहीत नाही, कारण भरपाई मागण्यासाठी हे पत्र नाही.

महोदय, पुढे मी जिथे जिथे गेलो तिथे तिथे एकच उत्तर मिळाले : ती खाजगी जागा आहे. दुकानाच्या व्यवस्थापकांनी फाटकावरची पाटी दाखवली, ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’. त्या पाटीत वाहनाचा विचार आहे, माणसाचा नाही. तरीही त्यांनी आठ दिवसांत पट्टा आखतो, वळणावर बहिर्गोल आरसा लावतो, शिट्टीसह एक माणूस ठेवतो असे कबूल केले. स्थानिक कार्यालयातील एका अधिकाऱ्यांनी दिवाळीपूर्वी पाहणी करू असे सांगितले. दिवाळी झाली, संक्रांत झाली, शिमगा आला आणि तिथे आला तो मांडव.

खाजगी जागा म्हणजे नेमके काय, हे मला समजून घ्यायचे होते, म्हणून माझ्या वकील भाच्याला बसवून कायदा वाचला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३४) मध्ये सार्वजनिक जागेची व्याख्या आहे. रस्ता, गल्ली, वाट यांच्याबरोबर जनतेला जिथे प्रवेशाचा हक्क आहे अशी कोणतीही दुसरी जागा, मग ती रहदारीची वाट असो वा नसो, तिच्यात येते. जे दुकान सकाळी फाटक उघडते, रस्त्यावर मोठे फलक लावून सगळ्या पंचक्रोशीला आत बोलावते आणि ज्याच्या आवारात कोणीही न विचारता गाडी घेऊन जाऊ शकतो, त्या आवारात जनतेला प्रवेश नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि हक्क या शब्दावर वकिलांना वाद घालायचाच असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ आहे. दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल असे बेदरकार वा निष्काळजी कृत्य हा त्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्यासाठी जागा सार्वजनिकच हवी अशी अट त्यात नाही. कायदा आहे. तो फाटकाच्या आत न्यायची कोणाची इच्छा नाही.

आकडे पाहिले तर मन आणखी खट्टू होते. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद माणसे, केवळ चालत होती म्हणून. या अहवालात अपघातांची विभागणी राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग आणि इतर रस्ते अशी केलेली असते. दुकानाच्या आवारात मोडलेले माझ्या पत्नीचे हाड यांपैकी कोणत्या रकान्यात गेले? कोणत्याच नाही. ज्याची नोंदच होत नाही त्यावर उपाय कोण करणार, आणि कशासाठी करणार?

वाहनतळात गाड्या सावकाशच असतात, मोठे काही होत नाही, हा समज खोटा आहे. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटार उभी करण्याची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरली आहे. चालकाला माणूस दिसून त्याचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी एक अख्खा चौकोन ओलांडून गेलेली असते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ठोकळे निसरडे असतात ते वेगळेच. आवारात ताशी १० किलोमीटरच्या वर कोणीही जाऊ नये, आणि ते पाटीवर न सोडता दर पंधरा-वीस मीटरवर उंचवटे करून जाऊ देऊ नये. आताच्या गाड्या उंच आहेत. त्यांच्या मागे उभे असलेले चार वर्षांचे पोर चालकाला कोणत्याही आरशात दिसत नाही.

चालवणाऱ्यांना मी माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो : गाडी लावतानाच मागे घेऊन लावा, तोंड बाहेर ठेवा. येताना रिकाम्या चौकोनात मागे जाणे हे निघताना चालत्या माणसांत मागे येण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. बसण्यापूर्वी एकदा गाडीभोवती फिरून या. काच खाली करा, रेडिओ बंद करा, बरोबरच्या माणसाला खाली उतरवा. दार उघडताना शेजारून कोण येते ते पाहा. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची असते आणि हा रिवाज आम्ही धुक्यातही पाळला, कारण चढणारा थांबला तर त्याला पुन्हा उचलणे जड जाते. वाहनतळात चालणारा हा चढणारा आहे. त्याच्या हातात ओझे असते, कडेवर मूल असते, डोक्यावर छत्री असते. त्याने तुमच्यासाठी पळायचे नाही, तुम्ही त्याच्यासाठी थांबायचे.

चालणाऱ्यांच्याही चुका होतात, ते मी नाकारत नाही. रिकाम्या ट्रॉल्या गाड्यांच्या मध्ये सोडून दिल्या जातात आणि उतारावर त्या आपोआप सुटतात. पोरांचा हात सोडून माणसे फोनवर बोलत चालतात. पण चालायला वाट आखून द्यायची नाही आणि मग ‘मध्येच आल्या’ म्हणायचे, हे मला मान्य नाही. जिथे सगळेच मध्ये आहे तिथे माणूस कडेने चालणार कुठून?

आपण म्हणाल, बांधकामाचा नकाशा नगरविकास खात्याकडे, गुन्ह्याची नोंद गृह खात्याकडे, आवार मालकाचे. मला हेच ऐकवले गेले आहे आणि याच उत्तराचा मला संताप आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. त्यानंतर मी निवृत्त झालो, त्याच्या किती मुदती उलटल्या याची मोजदाद मी सोडली, आणि प्रत्येक मुदतीच्या वेळी खाते आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. आता त्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना नवी मोठी दुकाने उभी राहत आहेत. महामार्गावरून ऐंशीच्या वेगाने येणारी गाडी थेट त्यांच्या फाटकात वळते आणि फाटकात पायी शिरणाऱ्यासाठी वेगळे दार नसते. मालाचे टेम्पो ऐन गर्दीच्या वेळी त्याच फाटकातून मागे येतात. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होते, फलक लागतात, शपथ घेतली जाते. त्यात या आवारांचा कधी उल्लेख झालेला मी ऐकला नाही.

आपल्या हातात मात्र एक गोष्ट नक्की आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३८(१अ) प्रमाणे सार्वजनिक जागांमधील पादचाऱ्यांविषयी नियम करण्याचे काम राज्य सरकारचे आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ते सहा महिन्यांत करण्यास सांगितले. त्या नियमांत सुपरमार्केट, मंगल कार्यालये, दवाखाने आणि पेट्रोल पंप यांची आवारे शब्दाने लिहा, ‘इतर जागा’ म्हणून सोडून देऊ नका. फाटकापासून दुकानाच्या दारापर्यंत उंच, अडथळा नसलेली पायवाट असल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये, आणि नंतर त्या पायवाटेवर मांडव टाकला तर ते प्रमाणपत्र धोक्यात यावे, यासाठी आपण नगरविकास मंत्र्यांशी बोला. आवारातला अपघात ‘खाजगी जागा’ म्हणून परत पाठवू नये, असे परिपत्रक गृह खात्याकडून काढून घ्या. शिकाऊ चालकाची परीक्षा घेताना गाडी मागे नेता येते का हे पाहतातच. मागे नेण्याआधी तो मान वळवून पाहतो का, हेही पाहा आणि न पाहणाऱ्याला नापास करा.

रविवारी मी त्या मांडवापाशी उभा असताना सात-आठ वर्षांची एक मुलगी बादल्यांच्या उतरंडीमागून धावत निघाली आणि एक गाडी कचकन थांबली. चालक चांगला होता म्हणून ती वाचली. तिच्या आईने तिला एक धपाटा मारला आणि दोघी गेल्या. दुकानातल्या एकानेही मान वर केली नाही. घरी येऊन मी पत्नीला हे सांगितले, तेव्हा ती वॉकर बाजूला ठेवून म्हणाली, ‘आधी ते लिहून टाका, मग जेवू.’

मांडव अजून तिथेच आहे. आपल्या कार्यालयाकडून कोणी पाहायला येणार असेल, तर मी फाटकाशी येऊन उभा राहीन आणि ती पडली ती जागा दाखवीन.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी