टिकली, अंडी आणि तुझा तो पेपर

प्रिय सलील,

काल तुझं बोलणं मधेच तोडून फोन ठेवला, रागावला असशील. पण द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांवर तू जो पेपर, म्हणजे अभ्यासाचा लेख, लिहितोयस त्याबद्दल बोलताना तू इतकं सहज म्हणालास ना, "आई हेट क्राइमचा कायदा म्हणजे मनातल्या विचाराला शिक्षा, उद्या तोंड उघडायची पण चोरी", आणि माझी पोळी तव्यावर, तेव्हा बोलले असते तर भांडणच झालं असतं, म्हणून आता सवडीने टाइप करतेय, चुका सांभाळून घे.

1987 मध्ये आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहायचो हे तुला माहितीये, पण ते वर्ष कसं गेलं ते आम्ही कधी नीट सांगितलंच नाही. मी लग्न होऊन सांगलीहून आले त्याला वर्षही झालं नव्हतं. त्या उन्हाळ्यात जर्सी जर्नल पेपरात एक पत्र छापून आलं, डॉटबस्टर्स नावाने. डॉट म्हणजे आपली टिकली. त्यात लिहिलं होतं, इंडियन लोकांना गावातून घालवायला वाट्टेल ते करू, फोनच्या पुस्तकात पटेल नाव शोधतो, रस्त्यात सापडला की मारू, बाई असो की बुवा. आणि सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदीला पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की 4 दिवसांनी तो गेला. 30 वर्षांचा, पारशी, त्याचा टिकलीशी काय संबंध! बरोबरच्या गोऱ्या मित्राला धक्कासुद्धा लावला नाही.

आमच्या वाट्याला फक्त अंडी आली. बाबा आणि मी भाजी घेऊन येत होतो, गाडीतून पोरांनी फेकली, माझ्या कोटावर दोन. तक्रार वगैरे केलीच नाही, कोण जाणार. पण दुसऱ्या दिवसापासून टिकल्यांचं पाकीट पर्समध्ये, ट्रेनमध्ये चढायच्या आधी काढायची, देशी दुकानात शिरलं की परत लावायची, आमच्या सगळ्या मैत्रिणींचं हेच. आता तू म्हणतोस मारहाण ती मारहाण, कारण कशाला विचारायचं? अरे, मार एकट्या नवरोजने खाल्ला आणि टिकल्या आम्ही काढल्या, त्याचा हिशोब कोणी करायचा? त्या केसमध्ये पोरांना मारहाणीचीच शिक्षा झाली, खुनाची कुणालाच नाही. मग 1990 मध्ये न्यू जर्सीने द्वेषातून केलेल्या गुन्ह्याला जास्त शिक्षा असा कायदा केला. आम्हाला किती बरं वाटलं होतं.

ते पत्र लिहिणाऱ्याला आत टाकायला हवं होतं असं मला आजही वाटतं, कारण "सापडला की मारू" हे काय मत आहे का? पण आमच्या वरच्या मजल्यावरची म्हातारी रोज जिन्यात ऐकवायची, तुम्ही लोक आलात आणि बिल्डिंगभर मसाल्याचा वास सुटला. तिला मात्र बोलू दे बाबा. तीच ऑगस्टमध्ये कुंडीतले टोमॅटो आणून द्यायची.

आता तुझी बाजू. इथे मी थोडी हरते. तूच सांगितलेलं ते न्यू जर्सीतल्याच व्हाइनलंड गावचं प्रकरण, कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडणारा माणूस, कमाल शिक्षा 10 वर्षं असताना द्वेष होता असं जजने एकट्यानेच ठरवून 12 दिली, आणि 2000 मध्ये अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणालं हे ज्यूरीसमोर, म्हणजे निवाड्याला बसवलेल्या साध्या नागरिकांसमोर, सिद्ध करा. बरोबरच आहे. आणि रटगर्स विद्यापीठातला तो आपला भारतीय मुलगा, 2010 चा, ज्याने वेबकॅमवरून गे रूममेटवर नजर ठेवली आणि त्या रूममेटने जीव दिला. ती बातमी वाचून मी दोन्ही आयांसाठी रडले होते. ज्यूरीने त्याला द्वेषाच्या गुन्ह्यातही दोषी धरलं, म्हणजे आमच्यासाठी आणलेला कायदा शेवटी आपल्याच पोरावर! पण त्या कायद्यातल्या एका कलमात आरोपीच्या मनात काय होतं ते सिद्ध करायची गरजच नव्हती, समोरच्याला तसं वाटलं आणि वाटणं वाजवी असलं की झालं. ते कलम 2015 मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाने काढून टाकलं आणि पुढच्या वर्षी त्याचा तो निकालही रद्द झाला.

खरं तर मला ते कलम आवडायला हवं. अंडं लागलं तेव्हा मला वाटलंच होतं ना की हे टिकलीसाठी. पण ती पोरं हॅलोविनच्या आठवड्यात सगळ्यांवरच फेकत होती का, देव जाणे, मी पाहिलं थोडंच. माझ्या वाटण्यावर कुणाचं पोरगं तुरुंगात जाऊ नये. मात्र तिथेच गाडीतून कुणी "डॉटहेड" ओरडलं असतं तर तो शब्द पुरावा झाला पाहिजे, आणि तेव्हा तू भाषणस्वातंत्र्य काढलंस तर लाटणं फेकून मारीन.

पेपर लिहून झाला की पाठव, इंग्रजी कितीही अवघड असू दे, मी डिक्शनरी घेऊन बसते. आणि बाबांना अंड्यांचं विचारू नकोस, ते अजून म्हणतात दोन नाही एकच होतं, आणि मी मुळीच पळालो नाही.

तुझी,
आई