‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ यांची गल्लत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चोरीची तक्रार, विमा कंपनीला दिलेली सूचना, सोसायटीच्या सचिवांना केलेला अर्ज, अशा इंग्रजी कागदांत एक चूक इतकी रुळली आहे की ती चूक वाटेनाशीच झाली आहे. ‘आय डाउट दॅट द वॉचमन टुक द कीज’ असं लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की किल्ल्या वॉचमननेच नेल्या असाव्यात. वाक्याचा अर्थ मात्र नेमका उलटा होतो: वॉचमनने किल्ल्या नेल्या असतील असं मला वाटत नाही. तिथे ‘सस्पेक्ट’च हवं.

आपला ‘संशय’ दोन्हीकडे चालतो, हे या गल्लतीचं मूळ. मराठीत दिशा दाखवतो तो त्याच्या आधी येणारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय. आगीच्या बातमीत ‘शॉर्टसर्किटचा संशय’ म्हटलं की शॉर्टसर्किट झालं असावं. ‘शॉर्टसर्किटबाबत संशय’ म्हटलं की ते कारण पटलेलं नाही. इंग्रजीत हेच काम क्रियापद करतं. म्हणून दुकान जळाल्यावर विमा कंपनीला ‘वी डाउट अ शॉर्ट सर्किट’ असं कळवणारा दुकानदार स्वतःच दिलेलं कारण स्वतःच खोडतो. इथला सर्व्हेअर संदर्भावरून समजून घेईलही, पण परदेशातला वाचक तो कागद जसा लिहिला आहे तसाच वाचेल.

लिहिण्याआधी वाक्य मराठीत म्हणून पाहावं. शेवटी ‘असावं’ किंवा ‘असणार’ आलं तर ‘सस्पेक्ट’. ‘असेल असं वाटत नाही’ किंवा ‘आहे की नाही कोण जाणे’ आलं तर ‘डाउट’. ‘डॉक्टर सस्पेक्ट्स डेंग्यू’ म्हणजे डेंग्यू असावा, तपासणी करा; ‘डॉक्टर डाउट्स इट इज डेंग्यू’ म्हणजे ताप बहुधा दुसऱ्या कशाचा तरी आहे. रुग्णाच्या कागदावर ही अदलाबदल चालणार नाही.

रचनेतही फरक आहे. ‘डाउट’नंतर ‘इफ’ किंवा ‘वेदर’ बिनधास्त येतं: ‘आय डाउट इफ ही विल कम’. ‘दॅट’ही चालतं, फक्त तेव्हा कल ‘येणार नाही’कडे अधिक झुकतो. नकारात्मक वाक्यात मात्र ‘दॅट’च नीट बसतं: ‘आय डोन्ट डाउट दॅट ही विल कम’. माणसावर संशय असेल तर ‘सस्पेक्ट’चा साचा वेगळा. आधी माणूस, मग ‘ऑफ’, मग ‘इंग’ लागलेलं क्रियापद: ‘दे सस्पेक्ट हिम ऑफ टेकिंग द मनी’. आपण ‘त्याच्यावर संशय’ म्हणतो, त्यातला ‘वर’ इंग्रजीत शिरतो आणि ‘ही डाउट्स ऑन मी’ तयार होतं. क्रियापदानंतर हे ‘ऑन’ येत नाही. आणि ‘ही डाउट्स मी’चा अर्थ ‘तो मला चोर समजतो’ असा नसून ‘त्याला माझ्या बोलण्याचा भरवसा नाही’ असा आहे. ‘कास्ट डाउट ऑन’ बरोबर आहे, कारण तिथे ‘डाउट’ नाम आहे. ‘आय ॲम डाउटिंग’ हेही टाळावं, साधं ‘आय डाउट’ पुरतं.

एका ठिकाणी दोघं जवळ येतात. ‘आय सस्पेक्ट हिज मोटिव्ह्ज’ म्हणजे त्याच्या हेतूंबद्दल मला खात्री वाटत नाही. हेतू, प्रामाणिकपणा अशा मोजक्या नामांपुरतंच हे आहे. जुन्या इंग्रजीत ‘डाउट’चा अर्थ ‘असावं अशी भीती वाटते’ असाही होता आणि स्कॉटलंडच्या बोलीत तो अजून टिकून आहे. त्याचा आधार घेऊन आपल्या अर्जांतली चूक मात्र बरोबर ठरवता येणार नाही.

सर्वांत जपून वापरायला हवं ते कायद्याच्या क्षेत्रात. दखलपात्र गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करताना ‘रिझनेबल सस्पिशन’ हा एक आधार असतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 41 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मध्ये आहे. आरोपी सुटतो तो ‘रिझनेबल डाउट’वर. मराठी बातमीत दोन्हीकडे ‘वाजवी संशय’ छापला, तर अटक आणि सुटका एकाच कारणाने झाली असं वाचकाला वाटतं. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1984 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की संशय कितीही मोठा असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. तिथला संशय म्हणजे ‘सस्पिशन’. आरोपीला मिळणारा ‘संशयाचा फायदा’ हा ‘डाउट’चा.

आपल्या भाषांतर विभागाला विनंती, की अटकेच्या बातमीत ‘संशय’ आणि निर्दोषत्वाच्या बातमीत ‘शंका’ असा फरक सातत्याने पाळावा. ‘संशयाचा फायदा’ हा शब्दप्रयोग रूढ आहे, तो तसाच राहू द्यावा. मथळ्यात जागा कमी असली तरी ‘चा’ आणि ‘बाबत’ यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

आपली,
एक इंग्रजी-मराठी भाषांतरकार, पुणे